रामाच्या आजोळी आलू गुंडा

मुलगा बघायला म्हणून मी रायपूरला गेलो आणि खाऊन-पिऊन परत आलो, अशी माझ्या बहिणीची, सुधाची, तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे. पण मुलगा बघायचा म्हणजे गाव बघायचं, आणि गाव बघायचं म्हणजे ते काय खातं ते बघायचं, हे माझं मत मी साताऱ्याहून निघण्यापूर्वीच जाहीर केलं होतं.

मुलगा बघायचा होता तो सुधाच्या मुलीसाठी, मुग्धासाठी. मेव्हणे लवकर गेले. तेव्हापासून मुग्धाच्या बाबतीतला शेवटचा शब्द माझा, असा आमच्या घरातला शिरस्ता. कॉलेज कुठलं, हॉस्टेल कुठलं, सहलीला जायचं की नाही, सगळं येऊन थांबायचं ते ‘मामाला विचार’ इथे. मुग्धाही विचारायची. शिकून आर्किटेक्ट झाली आणि छत्तीसगड नवं राज्य झाल्यावर तिकडे राजधानी आखायचं काम निघालं, तेव्हा ‘जाऊ का?’ हेही तिने मलाच विचारलं होतं. मी ‘जा’ म्हणालो, कारण मला वाटलं होतं, सहा महिन्यांत कंटाळून परत येईल. ती कंटाळली नाही. उलट एका रविवारी फोनवर म्हणाली, की तिकडचाच एक मुलगा तिने पसंत केला आहे, निखिल नावाचा, घरचे मराठीच आहेत, पण मामाने एकदा येऊन बघावं.

‘‘दादा, तू हो म्हणालास तर हो,’’ सुधा म्हणाली. ‘‘तू नाही म्हणालास तर नाही.’’

मी एसटीत वाहतूक निरीक्षक होतो. गाडी थांबवून आत चढलं, की विनातिकीट कोण बसलंय ते मला तिकीट न मागता कळायचं. तेव्हा एक मुलगा तपासणं म्हणजे काय मोठंसं! स्वेटर घेतला, भाकरी-ठेचा बांधून घेतला आणि निघालो.

गोल बाजार

मुग्धा स्टेशनवर स्कूटी घेऊन आली होती. तिच्या मागे बसून मी रायपूर पहिल्यांदा पाहिलं, ते खणलेलं पाहिलं. ज्या रस्त्याला पाहावं तो खोदलेला. एका मोठ्या इमारतीकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘‘हे आमचं मंत्रालय. आधी हॉस्पिटल होतं.’’ नवी राजधानी गावाबाहेर शेतात व्हायची होती, आणि सध्या ती मुग्धाच्या ऑफिसातल्या टेबलावर, कागदाच्या गुंडाळीत होती. तोवर जुनं रायपूरच राजधानीचा नवा कोट घालून फिरत होतं. कोट जरा मोठा होता, पण गावाची ऐट बघण्यासारखी होती. चहावालासुद्धा ‘कॅपिटल’ नावाचा.

मुग्धा शंकरनगरात एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायची. माझी सोय घरमालकांच्या बैठकीत होती. अंघोळ उरकून आम्ही थेट गोल बाजारात गेलो. अशा बाजारात गेलो की मी पुन्हा लहान मूल होतो. हळदी-कुंकवाची, पूजेच्या सामानाची, बांबूच्या सुपांची, वाळलेल्या मिरच्यांची दुकानं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी. लग्नाचं साहित्य एका गल्लीत, तेराव्याचं तिच्या शेजारच्या गल्लीत. ‘‘सोय आहे,’’ मी म्हणालो. मुग्धा हसली, पण जरा जपूनच हसली. मुलीचं लक्ष माझ्या चेहऱ्यावर होतं. मला गाव आवडतंय की नाही, हे ती माझ्या प्रत्येक घासाबरोबर बघत होती.

नाश्त्याला पोहे आणि त्यांच्यावरच जिलबी. म्हणजे शेजारी नव्हे, त्याच कागदावर, पाकासकट. मी आधी जिलबी बाजूला सारली, मग पाकाला लागलेले पोहे चुकून तोंडात गेले, आणि मग चूक पुन्हा पुन्हा केली. पुढच्या गाडीवर मुग्धा म्हणाली, ‘‘मामा, आलू गुंडा खा.’’ नाव ऐकून मी सावरून उभा राहिलो. बघतो तर आपला बटाटेवडा! साताऱ्याच्या स्टँडवर इतकी वर्षं ज्याला मी सज्जन समजत होतो, तो इकडे गुंड म्हणून प्रसिद्ध आहे. आकारही जरा दांडगाच, आणि आत हिरवी मिरची लपून बसलेली. पाणीपुरीला मात्र इथे गुपचुप म्हणतात, आणि ती खाताना कुणीही गुपचूप नसतं.

‘‘भैया, और एक प्लेट,’’ मुग्धा म्हणाली. ‘‘हव दीदी,’’ गाडीवाला म्हणाला. हव म्हणजे हो. हा शब्द मला फारच आवडला. आपल्या ‘हो’पेक्षा त्यात जास्त जागा आहे.

दुपारी पुरानी बस्तीत भटकलो. ब्राह्मणपारा, तात्यापारा, टिकरापारा, असे इथले पारे, म्हणजे आपल्या आळ्या. तात्यापारा हे नाव वाचून मी स्कूटीवरून उतरलोच. कुणी तात्या नागपूरकर भोसल्यांच्या वेळी इकडे आले असणार आणि आळीला नाव देऊन बसले असणार. बूढ़ा तालाबच्या काठावर बसून पेरू खाल्ले. माझ्या पोटाने पहिल्याच दिवशी रायपूरला पूर्ण पाठिंबा दिला होता. मुलाचा निर्णय बाकी होता.

चौबे कॉलोनी

दुसऱ्या दिवशी निखिलच्या घरी जेवायचं होतं.

दार त्याच्या आईने उघडलं. ‘‘या नं भाऊ, बसा नं. काहून उभे राहिले?’’ हे कुटुंब रायपुरात इतक्या पिढ्यांपासून, की आपण कुठल्या गावचे हे त्यांना सांगता येत नाही. ‘‘भोसल्यांसंगं आलो म्हणतात,’’ एवढंच. निखिलचे वडील नाहीत. तो उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे, तिथून बीरगांवच्या बाजूने धूळ खात रोज घरी येतो. उंच, सावळा, कान जरा मोठे.

‘‘नमस्ते मामाजी, सफर कैसा रहा?’’

‘‘मराठी येत नाही का?’’ मी निरीक्षकी आवाजात विचारलं.

‘‘समझता पूरा हूँ, मामाजी. बोलने में गड़बड़ हो जाती है.’’

‘‘पोट्टा मले सुद्धा हिंदीतच उत्तर देते,’’ आई म्हणाली. ‘‘मी मराठीत शिव्या देतो, तो हिंदीत माफी मागते. चालून राहिलं आमचं.’’

मला बाई आवडली. ताट आल्यावर तर अधिकच. दुबराज तांदळाचा भात, त्याचा वास दारापर्यंत. लाल भाजी. उडदाच्या मऊ गोळ्यांची डुबकी कढी. इड्हर नावाचा एक प्रकार, म्हणजे आपली अळूवडी, पण ती तळून कुरकुरीत करायची सोडून आंबट कढीत पोहायला सोडलेली. बायकोने घरी असं केलं असतं, तर मी नाक मुरडलं असतं. इथे तीनदा मागून घेतली. सोबत बिजौरी, म्हणजे आपले सांडगे, आणि तळलेली दह्यातली मिरची. जेवण झाल्यावर ठेठरी-खुरमीचा डबा पुढे आला. ठेठरी म्हणजे बेसनाची खारी वेटोळी, खुरमी गुळाची. एकीचा घास घेतला, की दुसरी आठवते, दुसरीचा घेतला की पहिली; ह्यातून सुटका नाही.

मुलगाही बरा वाटत होता. फार बोलत नव्हता, मुग्धाच्या ताटाकडे सारखा बघत नव्हता, आईचं पाण्याचं भांडं स्वतः भरत होता. मी मनात ‘हो’ लिहिलं, फक्त खाली सही करायची बाकी होती.

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरं धोतर, गळ्यात मफलर, सत्तरीच्या पुढचे. ‘‘माझा भाऊ, बापू. तात्यापाऱ्यात राहते,’’ निखिलच्या आईने ओळख करून दिली. म्हणजे निखिलचा मामा. मी उठून नमस्कार करणार, इतक्यात म्हातारबुवा सरळ निखिलपाशी गेले, एक हात गुडघ्यावर टेकून वाकले, आणि त्यांनी त्या पोराचे पाय धरले.

आणि पोरगा उभा! हातात ठेठरी, तोंडात ठेठरी. ‘‘खुश रहो, बापूमामा,’’ म्हणाला, आणि चावायला लागला. त्याची आई हसत होती. मुग्धासुद्धा हसत होती. सत्तरीच्या माणसाने पंचविशीतल्या पोराचे पाय धरले, आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझं डोकंच फिरलं. माणूस इतका मिंधा कशाने होतो? ह्यांचं खाऊन राहिला असेल, नाहीतर कशात तरी अडकला असेल. आणि हा मुलगा, ज्याला म्हाताऱ्याला खांद्याला धरून उठवावंसंही वाटलं नाही, तो उद्या माझ्या भाचीला कसा वागवेल? मनात लिहिलेलं ‘हो’ मी खोडलं. खुरमीसुद्धा अर्धी ठेवली. मी खुरमी अर्धी ठेवली, हे माझ्या ओळखीतल्या कुणालाही सांगा, तो विश्वास ठेवणार नाही.

परतताना स्कूटीवर मी गप्प. मुग्धाने चौकात गाडी बाजूला घेतली.

‘‘काय झालं, मामा?’’

‘‘घरी गेल्यावर बोलू.’’

‘‘त्यांची भाषा? की लांब आहे म्हणून?’’

‘‘मला ते घर बरं वाटलं नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मोठ्यांचा मान नाही तिथे.’’

तिला काही उलगडा होईना. तिने स्कूटीचा सरळच असलेला आरसा पुन्हा सरळ केला. मग म्हणाली, ‘‘तू नाही म्हणालास तर मी करणार नाही, मामा. आजवर तुझं मोडलं नाही, हेही मोडणार नाही. पण मग दुसरं कुणाशी कर, असंही मला सांगू नकोस.’’

त्या रात्री मी जेवलो नाही, हे घरमालकांनी सुद्धा लक्षात ठेवलं असेल.

पंडरी, आणि मग तात्यापारा

सकाळी मुग्धा ऑफिसला गेली. मी सुधासाठी साडी बघायला पंडरीला गेलो. तिथे कापडाचे ठोक व्यापारी गादीवर बसवून, एकामागून एक तागे उलगडत राहतात, आणि आपण नको म्हणालो की आणखी जोरात उलगडतात. कोशाची, म्हणजे इकडच्या टसर रेशमाची, एक साडी घेतली, फिक्या पिवळ्या रंगाची. लग्नाची म्हणून घेत होतो की परतीची भेट म्हणून, हे दुकानदाराने विचारलं, आणि मला सांगता येईना.

मन लागेना. निरीक्षकाचा नियम असा, की शेरा मारण्यापूर्वी प्रवाशाला एकदा विचारायचं. ते मी केलं नव्हतं. रिक्षा केली आणि तात्यापाऱ्यात गेलो. बापूंचं घर शोधायला त्रास पडला नाही. मारुतीच्या देवळामागे, अंगणात चूल, चुलीपुढे त्यांच्या पत्नी, आणि बापू खाटेवर ऊन खात.

‘‘या, या! साताऱ्याचे मामा!’’ ते उठायला लागले. मी त्यांना बसवलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, ‘‘बापू, मी परका माणूस. पण माझी भाची त्या घरात द्यायची की नाही, हे मला ठरवायचंय. तुम्ही काल त्या पोराच्या पायाशी वाकलात. तुमच्यावर त्या लोकांचा काही दाब आहे का? असेल तर मला सांगा, माझ्याकडून बाहेर जाणार नाही.’’

बापू हसायला लागले. हसता हसता खोकला लागला. खोकता खोकता त्यांनी बायकोला सांगितलं, ‘‘ऐकलं का वो, दाबून ठेवलं म्हणते मले निखिलनं!’’ आणि त्या बाई चुलीपुढे तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी एकटाच गंभीर.

‘‘भाऊ,’’ बापू डोळे पुसत म्हणाले, ‘‘कौसल्या कुठली?’’

‘‘अयोध्येची.’’

‘‘ते सासर. माहेर?’’

मला माहीत नव्हतं. रामायण इतकं ऐकलं, पण कौसल्येला माहेर असेल हे मनातच आलं नव्हतं.

‘‘इथलं. ह्या मुलखातली पोट्टी ते. इथून जवळच चंदखुरीले देऊळ आहे तिचं. मग राम कोण झाला आमचा? भाचा. पूर्ण छत्तीसगड रामाचं आजोळ, अन् आम्ही सगळे मामा. म्हणून इकडं भाचा असो का भाची, मामा त्यायच्या पाया पडते. भाचा पाळण्यात असो नाहीतर टकला झालेला असो. आमचे आजे-पणजे भोसल्यांसंगं आले तवा नसतील पडत. इथं राहता राहता पडायले लागले.’’

‘‘पण त्याने तुम्हाला उठवलं का नाही?’’

‘‘काहून उठवीन? पाय काढून घेतले तर मले वाईट नाही वाटणार? लहान होता तवा लाजायचा, पळायचा. मीच रागावलो, की उभा राहत जा म्हणून. तेवढाच एकदा रागावलो आयुष्यात.’’

मोठ्यांचा मान नाही म्हणून ज्या पोराला मी नापास केलं, तो मामाचा मान राखण्यासाठीच तोंडात ठेठरी धरून खांबासारखा उभा होता.

बापूंच्या पत्नीने माझ्यापुढे थाळी ठेवली. अंगाकर: तांदळाच्या पिठाची जाडजूड भाकरी, पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली, वरून करपलेली, आतून वाफाळणारी, सोबत टोमॅटो आणि कोथिंबिरीची पाट्यावरची चटणी. दोन दिवस भात खाऊन कंटाळलेल्या सातारी माणसाला भाकरी दिसली! करपलेल्या पानाचा वास आणि चटणीचा झणका एकदमच नाकात शिरला. मी बोलणं थांबवून खाल्लं.

‘‘तुमाले भाचे किती?’’ बापूंनी विचारलं.

‘‘एकच. मुग्धा.’’

‘‘मग? पडता का पाया?’’

‘‘छे! ती माझ्या पडते.’’

‘‘असं,’’ बापू म्हणाले. त्यांना ते जरा विचित्र वाटलं असावं, पण पाहुण्याला तसं कसं म्हणायचं, म्हणून एवढंच म्हणाले, ‘‘एक फायदा आहे भाऊ पाया पडायचा. ज्याचे पाय धरले, त्याले हुकूम नाही देता येत. निखिलनं नोकरी धरली, मले विचारलं, मी माझं मत सांगितलं. पोट्टी पसंत केली, येऊन सांगितलं, मी म्हटलं छान. झालं माझं काम. रामाले कोणता मामा सांगते, की धनुष्य उचल का नको उचलू?’’

मुग्धाच्या बाबतीत मी घेतलेले निर्णय काही वाईट नव्हते. पण काल स्कूटीवर ती जे म्हणाली, ते आठवून मी हातातला अंगाकरचा तुकडा थाळीत परत ठेवला. एवढी शिकलेली, शहरं आखणारी मुलगी, आणि माझ्या एका नापसंतीपुढे आपलं सगळं ठेवून मोकळी झाली होती. मला तो मान नको वाटला.

‘‘अजून एक घ्या नं,’’ बापूंच्या पत्नी म्हणाल्या. मी घेतली. दुःख झालं तरी मला भूक लागते.

स्टेशन

मुग्धाने संध्याकाळी काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. पुरानी बस्तीत एका म्हातारीच्या तव्यावरचा तांदळाचा चीला आम्ही खाल्ला, आपल्या घावनासारखा जाळीदार, आणि गप्पा मारल्या त्या नव्या राजधानीच्या. रस्ते किती रुंद ठेवणार, झाडं कुठली लावणार. ती सगळं नीट समजावून सांगत होती, आवाजात मात्र जीव नव्हता. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. ‘मुलगा चांगला आहे’ म्हणावं, तर तोही पुन्हा शेराच झाला. पास करणारा मीच, नापास करणाराही मीच.

गाडीच्या वेळेला निखिल आला. कारखान्यातून परस्पर आला होता, शर्टावर लोखंडाची धूळ. त्याच्या आईने दिलेला ठेठरी-खुरमीचा डबा त्याने माझ्या पिशवीत सरळ उभा ठेवला, आणि ‘‘मामाजी, पानी लाता हूँ,’’ म्हणून तो नळाकडे गेला. गाडी लागली होती. मुग्धा नेहमीप्रमाणे पाया पडायला वाकली.

मी तिला खांद्याला धरून थांबवलं. ‘‘थांब,’’ म्हणालो, ‘‘सरळ उभी राहा. आणि पाय मागे घेऊ नकोस.’’

मग वाकलो. माझी कंबर एसटीच्या खड्ड्यांनी कधीच कामातून गेली आहे. अर्ध्यावर ती अडकली. एक हात पिशवीवर टेकला, दुसऱ्याने तिच्या चपलेचा अंगठा गाठला. मुग्धा ‘‘मामा, अरे काय करतोस, मामा!’’ म्हणत राहिली, पण पाय तिने हलवले नाहीत. सातारा स्टँडवर मी असा वाकलो असतो, तर गर्दी जमली असती आणि कुणीतरी पाणी मारलं असतं. इथे एकानेही वळून पाहिलं नाही. फक्त बाकावर गाठोडं घेऊन बसलेल्या एका बाईने, जागा करून देत, सहज विचारलं, ‘‘भांची ए का?’’

‘‘हव,’’ मी वाकल्या वाकल्या म्हणालो.

मुग्धाने आणि पाण्याची बाटली घेऊन आलेल्या निखिलने मिळून मला सरळ केलं. निखिलच्या लक्षात सगळं आलं होतं. तो खाली बघत बाटलीचं झाकण लावत राहिला.

‘‘म्हणजे मी आईला काय सांगू?’’ मुग्धाने विचारलं.

‘‘तुला जे सांगायचंय ते. तुझं ठरलंय ना? मग आजच फोन कर. आणि मामाला विचार म्हणाली, तर म्हणावं, मामाला आता विचारायचं नाही, नुसतं सांगायचं.’’

काय लपवायचं, सरळ रडूच आलं. चांगलं मोठं, प्लॅटफॉर्मवर. गाडीने शिट्टी दिली. मी डब्यात चढलो आणि खिडकीपाशी आलो. मुग्धाने गजातून हात घालून माझा हात धरला. तिचेही डोळे भरले होते, पण ती हसत होती, आणि साताऱ्यात जन्मलेली, माझ्या मांडीवर बाराखडी शिकलेली ती पोरगी मला म्हणाली,

‘‘काहून रडून राहिला रे मामा?’’